पेपर किती ते छापलं, शोधलं काय ते राहिलंच

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पान तीनवर आपल्या भागातल्या एका डॉक्टर संशोधकांच्या सत्काराची बातमी आलीय, फोटोसकट. शाल, फेटा, कुंद्याचा बॉक्स सगळं फोटोत दिसतंय. बातमीत काय, तर साहेबांचे इतके रिसर्च पेपर, त्यांना इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स इतका, इतक्या देशांशी कोलॅबोरेशन आणि जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत नाव. आकडे मी मुद्दाम परत लिहीत नाही कारण माझं भांडण साहेबांशी नाही, बातमीशी आहे. दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, पण त्यांनी शोधून काढलं काय ते एका ओळीतही सापडलं नाही. कुठल्या रोगावर काम करतात, किडनीचं की रक्ताचं की बाळंतपणाचं, काही म्हणजे काही नाही. शेतकऱ्याचा सत्कार करायचा, किती पोती झाली ते लिहायचं आणि भात होतं का सोयाबीन ते विसरायचं, तसं झालं हे.

खरं सांगायचं तर हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आमच्या थोरल्या वैनीच्या आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक अक्षर सोसत नाही, म्हणून रोज सकाळी मी शहापुरातनं वडगावला तिच्याकडं जातो, पेपर वाचून दाखवतो आणि तिचा पाकासारखा गोड चहा पिऊन येतो. ती लग्न होऊन आमच्यात आली तेव्हा मी चौथीत होतो त्यामुळं अजून मला अरे-तुरेच करते. टॉप २ टक्के ऐकल्यावर म्हणाली, म्हंजे शंभरातले दोन व्हय, मग बाकीच्या अठ्ठ्याण्णवांनी काय घोडं मारलंय. आणि मग म्हणाली, ते असू दे, पण ह्येनी शोधलं काय ते कुठं लिवलंय ते वाच की. मी परत वरनं खाली वाचत गेलो आणि नव्हतंच ते.

हे मी का लिहायचं म्हणाल तर मी काही डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच, पण इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ३१ वर्षं काढलीत. कामाला लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. इंडेक्स मेडिकस म्हणजे वैद्यकीय लेखांच्या सूचीचे उशीएवढे जाड खंड होते, ते उचलून उचलून माझा उजवा खांदा अजून दुखतो. आणि करंट कंटेंट्स नावाची छोटी पुस्तिका आठवड्याला निघायची, आमच्याकडं पोचेपर्यंत दोन महिने झालेले असायचे ते वेगळं. त्यात मुख्यतः नव्या जर्नल्सच्या, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांच्या, अनुक्रमणिका आणि मागं लेखकांचे पत्ते. डॉक्टर मंडळी त्यातनं पत्ता काढून लेखकाला कार्ड टाकायची, तुमच्या अमुक पेपरची एक प्रत पाठवा म्हणून. महिना-दीड महिन्यानं परदेशातनं पाकीट यायचं, पेपर डॉक्टरांना आणि पाकिटावरचे स्टँप माझ्या पोराला. सांगायचा मुद्दा, त्या काळात कुणाच्या पेपराला किती मागणी आहे ते पोस्टमनच्या पिशवीवरनं कळायचं.

ही पुस्तिका काढणारा माणूस म्हणजे यूजीन गारफिल्ड. ह्यानंच १९५५ मध्ये सायन्स नावाच्या जर्नलमध्ये कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. सायटेशन म्हणजे काही मोठं गूढ नाही. माझ्या पेपरात मी तुमच्या कामाचा आधार घेतला तर शेवटी तुमचं नाव लिहायचं, ती तुमच्या नावावर एक सायटेशन. गारफिल्डचा हेतू एवढाच की एखाद्या पेपराचा धागा पकडून पुढं कुणी काय केलं ते शोधता यावं. इम्पॅक्ट फॅक्टर पण त्याचाच, आणि तो मुळात जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे. जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना ह्या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, झालं. इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायला काढलेलं माप, पुढं आमच्यासारख्या लायब्ररीवाल्यांना जर्नल मागवायच्या कामाला आलं. ते कधी डॉक्टरांच्या गळ्यात जाऊन पडलं ते आम्हालाही कळलं नाही. एका जर्नलमधल्या दोन-चार पेपरांना ढीगभर सायटेशन्स असतात आणि बाकीचे तसेच पडून असतात, पण सरासरीचा मान सगळ्यांना. लग्नात पाटलांच्या पंगतीला बसलं म्हणून कोण पाटील होत नाही.

एच-इंडेक्सबद्दल तर सगळे इतक्या गंभीर चेहऱ्यानं बोलतात की विचारायची चोरी. सॅन दिएगोचे जॉर्ज हिर्श म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक, त्यांनी २००५ मध्ये काढलेलं हे माप. समजा एकाचे पाच पेपर आहेत आणि त्यांना ४०, १२, ६, ४ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. उतरत्या क्रमानं लावायचे आणि मोजत जायचं. चौथ्या पेपराला चार आहेत, चालतं, पाचव्याला पाच पाहिजेत पण एकच आहे, थांबलं. एच-इंडेक्स चार. आता पहिल्या पेपराला ४० च्या ऐवजी ४० हजार असली तरी चारच. आणि ज्यानं आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्यानं जग बदललं त्याचा एच-इंडेक्स एक, ह्याच्यावर जाणारच नाही. शिवाय वय वाढेल तसा तो वाढतो, कमी कधीच होत नाही, आमच्या घरपट्टीसारखा.

२ टक्केवाल्या यादीचं तर सांगायलाच पाहिजे कारण दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की तुमच्याच नाही, सगळ्याच पेपरांत ह्या बातम्यांचा पाऊस पडतो. लोकांना वाटतं स्टॅनफोर्ड विद्यापीठानं ह्या माणसाला निवडलं. निवडलं-बिवडलं काही नाही. तिथं जॉन इओनिडिस म्हणून प्राध्यापक आहेत, ते आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून स्कोपस नावाच्या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसवरनं कॉम्प्युटर चालवून ही यादी काढतात, लाखावर नावं असतात. एक यादी आख्ख्या कारकिर्दीची आणि दुसरी त्या एकाच वर्षाची. बातमीत कुठली ते कधीच नसतं. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून काय उरतं त्याचा रकानापण त्यांनी प्रामाणिकपणे दिलेला असतो, तो कोण उघडतोय. आणि गंमत बघा, ह्याच इओनिडिसनी २००५ मध्ये पेपर लिहिला होता की छापून येणारे बरेचसे निष्कर्ष चुकीचेच असतात, तो पेपर प्रचंड गाजला. त्यांच्याच यादीत नाव आलं म्हणून आपण फेटे बांधतोय.

बरं, मी म्हटलं बातमीत नाही तर आपणच शोधूया. नातवाच्या मोबाईलवर साहेबांचं आडनाव आणि आद्याक्षर घातलं. आडनाव सांगत नाही पण आपल्याकडं दर तिसऱ्या घरावर त्या आडनावाची पाटी असते. आले की हो शेकडो पेपर! एक दातांचा, एक सिमेंटचा, एक डाळिंबावरच्या रोगाचा. हे सगळे एकच गृहस्थ का आठ वेगळे ते देवाला ठाऊक. लायब्ररीत असताना हे दुखणं रोजचं होतं, एकाच कॉलेजात एस. पाटील चार-चार, एकाची सायटेशन्स दुसऱ्याच्या खात्यावर. ह्याच्यासाठीच २०१२ मध्ये ऑर्किड नावाची सोय सुरू झाली, प्रत्येक संशोधकाला १६ अंकी नंबर, आधारसारखा. तुमच्या बातमीदारानं नुसता तो नंबर विचारला असता तरी अर्धं काम झालं असतं. आणि आकडा कुठल्या वहीतला तेही विचारायला पाहिजे, कारण गुगल स्कॉलरचा आकडा फुगलेला असतो, स्कोपसचा त्याहून कमी, माणूस तोच, पेपर तेच. नातू दहा मिनिटांत कंटाळला आणि मोबाईल घेऊन गेला.

सायटेशन काहीच सांगत नाही असंही मी म्हणत नाही, ३१ वर्षं त्याच्यावरच भाकरी खाल्ली. पण ते काय सांगतं ते बघायला आत शिरावं लागतं. जगात सगळ्यात जास्त सायटेशन्स मिळालेला पेपर कुठला, तर ऑलिव्हर लाउरींचा १९५१ चा. ३ लाखांच्या वर. त्यात कुठल्याही रोगावर औषध नाही, नमुन्यात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत आहे. लॅबमध्ये ज्यानं ज्यानं ती वापरली त्यानं त्यानं नाव लिहिलं. आपल्याकडचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगड सुब्बाराव, त्यांचं आणि फिस्कचं १९२५ चं फॉस्फरस मोजायचं तंत्र त्याच जातीचं. म्हणजे कामाचं माप बनवणाऱ्याला भरपूर सायटेशन्स, आणि ते योग्यच आहे, पण लाउरी जगातले सगळ्यात थोर शास्त्रज्ञ होते असं कोणी म्हणत नाही.

उलट बाजूनं कलकत्त्याचे डॉक्टर शंभूनाथ डे बघा. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन कॉलऱ्याचा जंतू ओळखून गेला, पण तो जंतू माणसाला मारतो कसा ते पुढं पाऊणशे वर्षं कळलं नव्हतं. डेंनी सशाच्या आतड्याचे तुकडे दोऱ्यानं बांधून त्यात जंतूच काढून टाकलेला द्रव घातला, तरी आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे जंतू नाही, त्यानं सोडलेलं विष पाणी काढतंय. १९५९ मध्ये नेचर ह्या जर्नलमध्ये छापलं. आणि मग? कितीतरी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, सायटेशन्स नगण्य. आजच्या कुठल्याही यादीत त्या वर्षांत डे बसले नसते. १९८५ मध्ये ते गेले, आणि १९८६ मध्ये ह्याच सायटेशनवाल्या गारफिल्डनं करंट कंटेंट्समध्ये त्यांच्यावर लेख लिहिला की ह्या माणसाच्या कामाची दखल उशिरा घेतली गेली. तो अंक मी स्वतः रॅकवर लावलाय, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो आणि वाचता वाचता पोळी तशीच हातात राहिली. ज्यानं मोजायची काठी बनवली तोच सांगत होता की काठी इथं कमी पडली.

आणि सायटेशन म्हणजे शाबासकीच असंही नाही. १९९८ चा अँड्र्यू वेकफिल्डचा लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमधला पेपर, १२ मुलांवरचा, गोवराच्या लशीनं ऑटिझम होतो असा संशय पेरणारा, तो २०१० मध्ये लॅन्सेटनं मागं घेतला. त्याला हजारोंनी सायटेशन्स आहेत, बरीचशी हा चूक होता असं सांगणारी. २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या कर्नाटकात गोवर-रुबेलाची मोहीम लागली तेव्हा वॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवतंय ना, आमच्या गल्लीतल्या दोघींनी पोरांना त्या दिवशी शाळेलाच पाठवलं नाही. मोजायला गेलं तर वेकफिल्डचा इम्पॅक्ट जबरदस्तच म्हणायला पाहिजे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. आकडे बाजूला ठेवून काम सांगायचं झालं तर कसं सांगावं, ह्याला लांब जायची गरज नाही, आपल्या बेळगाव जिल्ह्यातलंच सांगतो. आमची वैनी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आरोग्य केंद्रात एएनएम होती, म्हणजे आपण नर्सबाई म्हणतो ती. पावसाळ्यात त्या जंगलपट्टीत काय हाल असतात ते तिथल्यांनाच माहीत. रात्री कंदील घेऊन कुणीतरी न्यायला यायचं, घरात अंधार, बाई जमिनीवर, अंगावर काळं-हिरवं लुगडं. बाळ झालं, रडलं, सगळे खूश. खरी भीती त्याच्यानंतर. बाळंतपणानंतर अंगावरनं अर्ध्या लिटरवर रक्त गेलं की ते धोक्याचं, पण अर्धा लिटर झालं हे कळणार कसं? वैनी सांगते, आम्ही फुलपात्रावर मोजायचो. एक फुलपात्र, दोन फुलपात्रं, अंदाजानं. काळ्या लुगड्यावर रक्त दिसत नाही, जमीन सारवलेली, ती पिऊन टाकते. बाईचे ओठ पांढरे पडले की समजायचं. रजिस्टरात लिहायचं, रक्तस्राव सामान्य. एकदा सामान्य लिहिलं आणि पहाटे बाई गेली, जीप यायची होती ती आलीच नाही, ती गोष्ट वैनी अजून पूर्ण सांगत नाही. मधेच उठून गॅसवर काहीतरी ठेवते.

तर इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून एक साधी वस्तू बनवली. प्लास्टिकचा कागद, खाली नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा मारलेल्या, दूध मोजायच्या भांड्यावर असतात तशा. बाळ झालं की बाईच्या खाली पसरायचा, रक्त पिशवीत उतरतं, रेघ वाचायची. नाव ब्रास-व्ही ड्रेप, बनवणाऱ्यांच्या आद्याक्षरांवरनं पडलेलं. त्यांनी नुसत्या नजरेचा अंदाज आणि ड्रेपचं माप शेजारी ठेवून बघितलं तर नजरेचा आकडा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे वैनी दोन फुलपात्रं म्हणायची तेव्हा ती तीन असायची. हे तिला मी वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला वाटायचंच.

ह्याच ड्रेपनं मोजून आपल्या जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात २००२ ते २००५ मध्ये मोठा अभ्यास झाला, अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन आणि इथल्या डॉक्टरांचा, २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. १६२० बायका. निम्म्यांना बाळ झाल्या झाल्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या, कुणाला कुठल्या ते देणाऱ्यालाही माहीत नाही. हे औषध मूळचं पोटातल्या अल्सरचं. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन चांगलंच, पण त्याला थंडावा लागतो आणि टोचणारा लागतो, जांबोटीच्या पावसात फ्रिज चालू राहील ह्याची गॅरंटी कोण देणार. गोळीला त्यातलं काहीच लागत नाही. निकाल काय, तर जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ टक्क्यांवर आला. १८ बायकांना गोळ्या दिल्या तर त्यातली एक जादा रक्तस्रावातनं वाचते असा हिशोब. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या कामासाठी मिझोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, जिथं ऑक्सिटोसिन नीट देता येत नाही तिथल्यासाठी. आणि २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इथल्या ८० हॉस्पिटलांत तसाच रेघांचा ड्रेप आणि रक्त थांबवायचे उपचार सगळे एकदम, असं वापरून बघितलं तर गंभीर रक्तस्राव आणि त्याच्यामागनं येणारं ऑपरेशन किंवा मृत्यू हे प्रमाण ४.३ वरनं १.६ टक्क्यांवर आलं. त्यात २ लाखांवर बायका होत्या.

आता सांगा, ही बातमी आहे की नाही? ह्यात सायटेशन कुठं आहे? आहे की, भरपूर आहेत, पण ती सांगायची गरजच पडली नाही.

आणि एक. त्या १६२० बाळंतपणांत गोळ्या द्यायचं, रेघ वाचायचं, लिहून ठेवायचं काम २५ एएनएमनी केलं. लेखकांच्या यादीत १२ नावं आहेत, ह्या पंचवीस जणींपैकी कुणाचं नाही. मी कुणाला दोष देत नाही, जगभर तशीच पद्धत आहे, डेटा गोळा केला म्हणून लेखक होत नाही असे नियमच आहेत. वैनी त्या अभ्यासात नव्हती, तिचं केंद्र वेगळं, निवृत्तीच्या वर्षी नव्या पोरींच्या हातात तिनं पहिल्यांदा तो ड्रेप बघितला. पण कोलॅबोरेशन म्हणून तुम्ही देशांची संख्या छापता तेव्हा मला ह्या पंचवीस जणी आठवतात. खरं कोलॅबोरेशन काय ते बघायचं असेल तर २०२० चा अ‍ॅस्पिरिनचा अभ्यास घ्या. पहिलटकरणींना रोज छोटी अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली तर दिवस भरायच्या आधी होणारी बाळंतपणं कमी होतात का, ११,९७६ बायका, आपलं बेळगाव, नागपूर, काँगो, केनिया, झांबिया, ग्वाटेमाला आणि चक्क पाकिस्तान. क्रिकेटच्या टूरला जमत नाही ते गरोदर बायकांसाठी जमलं. १३.१ टक्क्यांवरनं ११.६ वर आलं. दिसायला फरक थोडा, पण गोळी किती स्वस्त ते बघा. सहा देशांत एकाच मापानं एकच गोष्ट मोजायची म्हणजे काय कष्ट असतात ते लेखकांच्या लांबलचक यादीत दिसत नाही. नाहीतर २०२१ मध्ये एका सर्जरीच्या पेपरवर १५,०२५ लेखक होते, गिनीज बुकात नोंद आहे. आमचं आख्खं गाव मावेल त्यात. त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर त्या पेपराची सगळी सायटेशन्स पूर्ण जमा होतात, वाटून नाही. तेव्हा मोठा आकडा बघितला की नाव पहिलं आहे, शेवटचं आहे की मधल्या गर्दीत, ते विचारावं. आरोग्याच्या संशोधनात साधारण पहिल्यानं काम केलेलं असतं, शेवटचा प्रमुख असतो.

साधारण म्हटलं कारण माझ्या भाच्याचं उदाहरण घरातच आहे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमडी करत होता, दोन वर्षं वॉर्डात फिरून डेटा त्यानं गोळा केला, रात्री बसून टेबलं त्यानं केली, आणि पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव एका सरांचं ज्यांची बढती अडली होती, दुसरं हेड साहेबांचं, भाचा तिसरा. जर्नल पैसे घेऊन छापणारं, ते पैसेपण भाच्याच्या स्टायपेंडमधनं. सरांनी तो पेपर वाचला तरी होता का ह्याची मला शंका आहे कारण त्यात एका टेबलाची बेरीज चुकलीय, मला, लायब्ररीवाल्याला दिसली. बढतीला पेपर मोजायचे म्हटलं की असंच होणार, गिरणीत पीठ पाहिजे म्हटल्यावर कोण काय दळतंय ते बघत नाही. परदेशातपण हे लोकांना खुपायला लागलंय, २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला पेशी-जीवशास्त्राच्या परिषदेत मंडळी जमली आणि जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरनं माणसाची किंमत करू नका, त्यानं काय काम केलं ते वाचून बघा असं लेखी जाहीरनाम्यात मांडलं. जगभरच्या हजारो संस्थांच्या त्याच्यावर सह्या आहेत. मग आपल्या पान तीनवर तेच आकडे कशाला?

माझा स्वतःचा रेकॉर्ड पण सांगून टाकतो, उगाच दुसऱ्यावर टीका नको. ३१ वर्षांत एका डॉक्टरांनी संदर्भ शोधून दिल्याबद्दल पेपरच्या शेवटी आभारात माझं नाव घातलं होतं, स्पेलिंग चुकवून. तेवढंच. सायटेशन शून्य, एच-इंडेक्स शून्य, पण तो पेपर मी अजून प्लास्टिकच्या फोल्डरात जपून ठेवलाय.

साहेब, विनंती एवढीच आहे की त्या डॉक्टरांकडं बातमीदाराला परत पाठवा. त्यांचं काम चांगलंच असणार, नाहीतर इतक्या लोकांनी नाव कशाला घेतलं असतं. त्यांना म्हणावं, तुमचा तुम्हाला सगळ्यात आवडता एक पेपर सांगा, त्याच्या आधी लोकांना काय माहीत नव्हतं आणि त्याच्यानंतर काय कळलं, दवाखान्यात कुणाच्या हातात त्यानं काय बदललं, आणि कुणाबरोबर केलं, नर्स, लॅब टेक्निशियन, रजिस्टर लिहिणारी पोरं सगळ्यांची नावं. कुठं चुकलात, काय जमलं नाही तेपण विचारा, संशोधक त्याबद्दल जास्त मोकळेपणानं बोलतात असा माझा अनुभव आहे, लायब्ररीत चहाला बसले की हेच निघायचं. बातमीदाराला शब्द अडले तर सकाळी दहानंतर मी घरीच असतो, वैनीकडनं आल्यावर, बिनधास्त यावं. ती बातमी दोन कॉलम मोठी झाली तरी चालेल, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो थोडे कमी करा.

आणि पत्र छापलंत तर नाव घालू नका, मेडिकल कॉलेजातले जुने लोक अजून बाजारात भेटतात.

आपला,
शहापूरचा एक जुना वाचक, बेळगाव

ता. क. पाकिटात घालायच्या आधी वैनीला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या पंचवीस जणींचं लिवलास ते बरं केलास, पण माझा च्या गोड असतो हे सगळ्या गावाला कशाला सांगालास.